पक्ष्यांच्या पायांतील कड्या, दिल्लीतील डास आणि १९७५ चा अहवाल

(दीर्घ धागा)

१/ भरतपूरच्या पाणथळीत जाळ्यात सापडलेले बदक हळुवार हाताने सोडवायचे, त्याच्या पायात धातूची एक हलकी कडी अडकवायची आणि त्याला पुन्हा आकाशात सोडून द्यायचे. कडीवर एक क्रमांक आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे, अशी इंग्रजीत विनंती. साठच्या दशकात डॉ. सलीम अली आणि त्यांचे सहकारी हे काम वर्षानुवर्षे करीत होते. १९७४ उजाडले आणि याच कड्यांविषयी थेट संसदेच्या पातळीवर विचारणा सुरू झाली : हे पक्षिशास्त्र आहे, की परकीय लष्करासाठी चाललेली जंतुयुद्धाची पूर्वतयारी?

२/ हे प्रकरण आज सांगितले जाते ते दोन प्रकारे. एका कथनात भाबडे राजकारणी बदकांना हेर समजतात आणि विज्ञानाचा बळी जातो. दुसऱ्या कथनात अमेरिकन गुप्तहेर भारतीय शास्त्रज्ञांना बाहुली बनवतात आणि जागरूक खासदार त्यांचा डाव उधळतात. दोन्ही कथने वाचायला रंजक आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. त्या वेळी विचारलेला प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर म्हणून जे केले गेले, ते मात्र चुकले. आणि त्या चुकीची किंमत अजून वसूल होते आहे.

३/ कथेची सुरुवात पुण्यात होते. १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ स्थापन झाले. कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेण्यासाठी रॉकफेलरने जगभर प्रयोगशाळांची एक साखळीच उभारली होती. ब्राझीलमधील बेलेम, कॅरिबियनमधील त्रिनिदाद ही तिची अन्य ठाणी. पुण्याच्या केंद्राचे आरंभीच्या वर्षांतील संचालक अमेरिकन होते, तर कर्मचारी आणि तरुण संशोधक बहुतांशी भारतीय.

४/ १९५७ च्या मार्च महिन्यात तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या केंद्रात धोक्याची घंटा वाजली, कारण माकडांचे असे मृत्यू दक्षिण अमेरिकेत पीतज्वराच्या साथीपूर्वी दिसत. आशिया खंडात पीतज्वर कधीच पोचलेला नव्हता. तो भारतात पोचला असेल, तर काय हाहाकार उडेल याची कल्पनाही करवत नव्हती.

५/ पीतज्वर नव्हता. तो गोचिडांमार्फत पसरणारा एक नवाच विषाणू निघाला. या रोगाला कोकणात आणि गोव्यात आज ‘माकडताप’ म्हणतात. गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ साली आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ साली त्याने जे थैमान घातले, ते तेथील काजूच्या बागांत राबणाऱ्यांना सांगावे लागत नाही. त्या विषाणूला नाव, कूळ आणि वाहक मिळाला तो पुणे, शिमोगा आणि न्यूयॉर्क यांच्यातील सहकार्यातून. ही बाजू विसरून पुढची गोष्ट सांगता येत नाही.

६/ पण या विषाणूचे कूळच वादाचे मूळ ठरले. त्याचे जवळचे नातलग सोव्हिएत रशियात, सायबेरियाच्या अरण्यांत सापडणारे मेंदूज्वराचे विषाणू होते. मग तो शिमोग्याला आला कसा? केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क यांनी एक शक्यता पुढे केली : दरवर्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी आपल्या अंगावरील गोचिडांसह तो घेऊन आले असतील. तर्क देखणा होता. तो पडताळून पाहायचा, तर कोणता पक्षी कोठून येतो आणि कोठे जातो, हे आधी कळायला हवे होते. भारतात ते सांगू शकेल अशी संस्था एकच होती, १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली बीएनएचएस.

७/ सलीम अलींना पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासासाठी कैक वर्षांपासून पैसा हवा होता आणि तो कोणी देत नव्हते. विषाणूच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेने तो दिला. पक्षिशास्त्रज्ञाला पक्ष्यांचे मार्ग हवे होते, विषाणुशास्त्रज्ञाला पक्ष्यांचे रक्त आणि गोचिडे; दोघांचेही काम एकाच जाळ्यात होत होते. विज्ञानाच्या इतिहासात अशी सोयरीक विरळा नाही. अडचण आली ती आरोग्य संघटनेचा निधी आटल्यावर. त्यानंतर पैसा आला तो अमेरिकन लष्कराच्या एका प्रकल्पाकडून. प्राण्यांच्या स्थलांतराचा आणि त्यांच्या रोगांचा अभ्यास करणारा हा प्रकल्प एच. इलियट मॅक्क्ल्यूर नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली जपानपासून भारतापर्यंत अनेक आशियाई देशांत चालला होता.

८/ येथे थोडे थांबून पैशाच्या वाटेकडे पाहायला हवे. तिच्याशिवाय हे प्रकरण समजत नाही. १९५४ च्या ‘पीएल ४८०’ या अमेरिकन कायद्यान्वये भारताला गहू मिळे आणि त्याची किंमत रुपयांत चुकवली जाई. ते रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच साठत. साठलेला हा डोंगर भारतातच खर्च करणे भाग असल्याने अमेरिकन संस्थांच्या दृष्टीने भारतातील संशोधन जवळजवळ फुकट पडे. भारतीय रेशनच्या दुकानातील लाल गव्हाचे पैसे फिरून भारतीय प्रयोगशाळेत येत, मात्र येताना कोणते संशोधन करायचे हे ठरवण्याचा अधिकार वॉशिंग्टनमध्येच ठेवून येत. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने या निधीचा मोठा हिस्सा भारताला सोडून दिला, पण तोवर त्यावर उभे राहिलेले प्रकल्प चालूच होते.

९/ त्यांपैकी एक दिल्लीत होता. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार यांच्यात करार होऊन डासांच्या जननिक नियंत्रणासाठी एक संशोधन विभाग स्थापन झाला. पैसा अमेरिकन सार्वजनिक आरोग्य सेवेचा, म्हणजे पुन्हा तेच पीएल ४८० चे रुपये. कल्पना अशी, की प्रयोगशाळेत लाखो नर डास वाढवायचे, त्यांना निर्बीज करायचे आणि गावात सोडायचे. नर चावत नाहीत. मादी आयुष्यात बहुधा एकदाच समागम करते. तो निर्बीज नराशी झाला, की अंडी वाया जातात. फवारणीला दाद न देणाऱ्या डासांवर हा उपाय चालेल, अशी आशा होती.

१०/ काम सुरू झाले ते प्रामुख्याने क्युलेक्स या, हत्तीरोग पसरवणाऱ्या, डासापासून. दिल्लीच्या आसपासच्या गावांत निर्बीज नर सोडले गेले आणि निकाल निराशाजनक आले. प्रयोगशाळेतील नर ठीक होते. पण शेजारच्या वस्त्यांतून आधीच फळलेल्या माद्या उडत येत आणि सगळे गणित बिघडवीत. डासांना ग्रामपंचायतीची हद्द ठाऊक नसते. त्यानंतर लक्ष वळले ते एडिस इजिप्ती या डासाकडे. हरियाणातील सोनिपत शहरात त्याच्यावर मोठा प्रयोग करण्याचे ठरले.

११/ आणि येथेच ठिणगी पडली. एडिस इजिप्ती म्हणजे पीतज्वराचा वाहक. १९७४ साली पीटीआय वृत्तसंस्थेने या प्रकल्पावर बातमी दिली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येईल : ज्या देशात पीतज्वर नाही, तेथे पीतज्वराच्या डासाचा उडण्याचा पल्ला, जगण्याचा काळ आणि पसरण्याचा वेग अमेरिकन पैशाने का मोजला जात आहे? त्याच बातम्यांच्या ओघात बीएनएचएसच्या कड्याही आल्या. पक्षी कोणत्या मार्गाने कोठे जातात, हे एखाद्या लष्कराला कशासाठी जाणून घ्यायचे असेल?

१२/ ही शंका वेडगळ होती काय? त्या वर्षांचे वातावरण ध्यानात घ्यावे. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेची ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली होती. मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला होता. त्याआधी, १९६९ साली, स्मिथसोनियन या प्रतिष्ठित अमेरिकन संस्थेच्या प्रशांत महासागरातील पक्षी-सर्वेक्षणाला लष्कराच्या जैविक युद्ध केंद्राकडून पैसा मिळत असल्याचे अमेरिकेतच उघड झाले होते. आणि याच स्मिथसोनियनचे प्रमुख डिलन रिप्ली हे सलीम अलींचे दीर्घकाळचे सहलेखक. शिवाय दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन गुप्तचर संघटनेत काम केलेले.

१३/ संशय घेणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नसलेल्या गोष्टी तर याहून बोलक्या आहेत. अमेरिकन लष्कराने १९५५ साली जॉर्जिया राज्यात विमानातून एडिस इजिप्ती डास सोडून ते किती पसरतात आणि किती माणसांना चावतात, याची चाचणी घेतली होती. डास रोगमुक्त होते, हेतू मात्र युद्धाचा होता. ही कागदपत्रे पुढे ऐंशीच्या दशकात उजेडात आली. नंदादेवीवर १९६५ साली अमेरिकन आणि भारतीय गुप्तचरांनी मिळून नेलेले आणि तेथेच हरवलेले प्लुटोनियमचे यंत्रही जगाला कळले ते १९७८ साली. तेव्हा १९७४ च्या खासदारांना हसण्याआधी इतिहासाच्या विद्यार्थ्याने कालक्रम तपासून पाहावा.

१४/ संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ साली परकीय सहभागाच्या संशोधन प्रकल्पांवर सविस्तर अहवाल दिला. हा अहवाल केवळ ‘अमेरिकाद्वेष’ म्हणून बाजूला सारला जातो, आणि तो अन्याय आहे. समितीने विचारलेले काही प्रश्न आजही कोणत्याही सामंजस्य कराराच्या पहिल्या पानावर हवेत. नमुने कोठे जातात? नोंदींची मालकी कोणाची? देशाची निकड कोणती आणि प्रकल्पाचा विषय कोणता? दिल्लीत क्युलेक्स आणि एडिसवर खर्च होत असताना देशात हिवताप परतत होता. १९७६ साली त्याचे साठ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मग अग्रक्रम हिवतापाच्या डासाला का नव्हता? डास निर्बीज करण्यासाठी वापरलेल्या रसायनाचा अंश विहिरींच्या पाण्यात उतरतो का, हाही प्रश्न गावकऱ्यांना कोणी समजावून सांगितलेला नव्हता.

१५/ पण योग्य प्रश्नांपासून समिती ज्या निष्कर्षाकडे गेली, तेथे तिचा पाय घसरला. हे ज्ञान जंतुयुद्धाला उपयोगी पडू शकते, म्हणून हा प्रकल्प जंतुयुद्धाचा, असा तो युक्तिवाद होता. या न्यायाने कोणताही साथरोगशास्त्राचा ग्रंथ शस्त्र ठरेल. डास किती दूर उडतो, हे रोग पसरवणाऱ्याला जितके कळायला हवे, तितकेच रोग थांबवणाऱ्यालाही. एडिस इजिप्ती केवळ पीतज्वराचा वाहक नाही, तो डेंग्यूचाही आहे, आणि डेंग्यू भारतात होताच. राहिला प्रश्न पीतज्वराचा. ‘तो भारतात का नाही आणि उद्या आला तर?’ हा विचार १९५७ साली माकडे मरू लागली तेव्हा सर्वांत आधी भारतीय आरोग्य अधिकाऱ्यांच्याच मनात आला होता. सतरा वर्षांनी तोच विचार परकीय कटाचा पुरावा ठरला.

१६/ आणखी एक गोष्ट. पक्ष्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष गुप्त नव्हते. मॅक्क्ल्यूर यांचा आशियातील पक्ष्यांच्या स्थलांतरावरील जाडजूड ग्रंथ १९७४ सालीच बँकॉकहून प्रसिद्ध झाला. कोणीही विकत घ्यावा. हेरगिरीचे फलित कोणी छापून विकत नाही. मात्र ‘छापले आहे’ म्हणजे ‘विचारले होते’ असे नव्हे. शास्त्रज्ञांचा दोष नेमका येथे होता. त्यांनी काही लपवले असेल-नसेल, पण पैसा कोणाचा हे स्वतःहून, आधी, ठळकपणे सांगितले नाही. लष्कराचे नाव पत्रकाराने शोधून काढले आणि त्या क्षणी ते नाव गुपित ठरले.

१७/ परिणाम झटपट झाले. सोनिपतचा प्रयोग आयत्या वेळी रद्द झाला आणि १९७५ मध्ये दिल्लीतील विभाग बंद पडला. जागतिक आरोग्य संघटनेची अब्रू गेली, अनेक भारतीय कीटकशास्त्रज्ञांची उमेदीची वर्षे वाया गेली. त्याच वर्षी पाँडिचेरीत भारताचे स्वतःचे वाहक-नियंत्रण संशोधन केंद्र उभे राहिले, ही त्यातील जमेची बाजू. सलीम अलींच्या नावाला मात्र फारसा धक्का लागला नाही. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. एका वर्षी संसदेची समिती संशय घेते आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपती सन्मान देतात. सरकार ही एक वस्तू नसते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

१८/ १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू. वाहक तोच, एडिस इजिप्ती. सोनिपतचा प्रयोग झाला असता तर ही साथ टळली असती, असे म्हणणे मात्र सवंग होईल. क्युलेक्सवरचे प्रयोग फसलेच होते. हेही फसले असते, असे मानायला जागा आहे. पण फसलेला प्रयोगही काही शिकवतो. रद्द झालेला प्रयोग काहीच शिकवत नाही.

१९/ आता पुण्याकडे परत यावे. त्या केंद्राचाही आरंभ परकीय पैशाने, परकीय संचालकांनी, परकीय कुतूहलापोटी झाला होता. मग त्याची गत दिल्लीच्या विभागासारखी का झाली नाही? रॉकफेलरने हात काढून घेतला तेव्हा मागे इमारत, विषाणूंचा संग्रह आणि ते हाताळू शकणारे भारतीय शास्त्रज्ञ उरले. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील रुग्णांत सापडलेला नवा विषाणू याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी वेगळा केला आणि त्याला त्या वस्तीचे नाव दिले. १९७८ साली केंद्राची ‘राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था’ झाली. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील कोविडच्या पहिल्या रुग्णाचे निदान पक्के झाले ते याच संस्थेत.

२०/ दिल्लीच्या विभागात याउलट सारे काही मुदतीचे होते. करार मुदतीचा, तज्ज्ञ मुदतीचे, पैसाही मुदतीचा. परकीय सहकार्य मोजायचे असेल तर पाहुणा कोण होता यापेक्षा तो निघून गेल्यावर घरात काय राहिले, हे पाहावे. लोकलेखा समितीने चौकशी केली ती पाहुण्याच्या कुळाची. आपल्या धोरणाची दिशा तेव्हापासून तीच राहिली.

२१/ आज आरोग्य क्षेत्रातील परकीय सहभागाचा प्रस्ताव आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परकीयांना येथील जैविक संसाधने वापरण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची संमती लागते. हे सारे आवश्यकच आहे. पण छाननी होते ती बंद दाराआड, आणि कराराच्या अटी सामान्य नागरिकाच्या हाती क्वचितच पडतात. म्हणजे १९७४ साली ज्या अंधारातून संशय जन्मला, तो अंधार जसाच्या तसा आहे. फक्त त्यात शिक्के वाढले आहेत.

२२/ अतिशयोक्ती वाटत असेल तर २०२० चे उदाहरण घ्यावे. नागालँडमध्ये वटवाघळे आणि त्यांची शिकार करणारे ग्रामस्थ यांच्यावरील एका अभ्यासाची चौकशी झाल्याची बातमी त्या वर्षाच्या प्रारंभी आली. शोधनिबंधाच्या लेखकांत वुहानच्या विषाणुविज्ञान संस्थेतील दोन नावे होती आणि निधी देणाऱ्यांत अमेरिकन संरक्षण खात्याची एक शाखा. भारतीय संस्थेने नमुने परदेशी गेले नसल्याचे स्पष्ट केले. पण पक्षी जाऊन वटवाघूळ आले, एवढाच काय तो फरक. बाकी मथळे पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या बातम्यांतून उचलल्यासारखे होते.

२३/ यातून वाट काढणारे देशही आहेत. २००७ साली इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देण्याचे थांबवले. विषाणू आमच्या माणसांच्या शरीरातून जातो, लस श्रीमंत देशांत बनते आणि आम्हाला ती परवडत नाही, ही त्यांची तक्रार होती. जगाने त्यांना आडमुठे ठरवले. पण त्यांनी प्रश्न हेरगिरीचा न करता वाटणीचा केला, आणि म्हणून त्यातून २०११ साली एक आंतरराष्ट्रीय चौकट निघाली, जिच्यात नमुन्यांच्या बदल्यात लाभाचा वाटा मान्य झाला. १९७५ च्या भारतीय समितीच्या हाती हाच प्रश्न, याहून चांगल्या पुराव्यांसह, बत्तीस वर्षे आधी होता. तिने तो जंतुयुद्धाच्या कपाटात बंद केला.

२४/ मे २०२५ मध्ये जिनिव्हात महासाथींविषयीचा जागतिक करार संमत झाला. त्यातील सर्वांत नाजूक भाग, म्हणजे रोगकारकांचे नमुने कोणी, कोणाला, कोणत्या बदल्यात द्यायचे, हा परिशिष्टात ढकलून पुढील वाटाघाटींवर सोपवला गेला. त्या मेजावर बसणाऱ्या भारतीय प्रतिनिधींनी १९७५ चा अहवाल सोबत न्यावा. त्यातील निष्कर्षांची पाने गळली तरी हरकत नाही. प्रश्नांची पाने मात्र ठळक अक्षरांत छापून न्यावीत.

२५/ आणि ज्या तर्कापासून हे सारे सुरू झाले, त्याचे काय झाले? सायबेरियातून माकडताप घेऊन येणारा पक्षी काही सापडला नाही. नव्वदच्या दशकात माकडतापाच्या विषाणूचा अगदी जवळचा नातलग आढळला तो सौदी अरेबियात. बीएनएचएसने ऐंशीच्या दशकात पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम पुन्हा मोठ्या प्रमाणावर हाती घेतले, आणि त्याही वेळी पैसा अमेरिकनच होता.